मागे राहिलेल्याचं कडवं

पेसाह हा आमच्या पूर्वजांच्या मिसरमधून, समुद्र ओलांडून झालेल्या सुटकेचा सण. त्याच्या पहिल्या रात्रीआधी घरातल्या थोरल्या मुलानं दिवसभर उपास करायचा, ही आम्हा बेने इस्राएलांच्या, कोकणातल्या ज्यूंच्या, घरातली रीत. मी तेराव्या वर्षापासून करतोय, आता साठीला आलो. दुपारचे तीन. पोटात कावळे ओरडताहेत आणि मी आरामखुर्चीत आजच्या गाण्यांची वही धरून पेंगतोय.

आई दर पेसाहला गायची ते एक कडवं आज गाळायचं ठरलंय. ‘दुभंगला समुद्र, उघडली वाट; मागे राहिलं बाळ माझं, धरा कोणी हात.’ लेक नुरीत म्हणाली, “बाबा, समुद्रातून सगळेच पार झाले. मागे कोण राहिलं? हे कुठल्याच पुस्तकात नाही.” बरोबरच आहे तिचं. ती शिकलेली, माझं सगळं ऐकीव.

डोळे मिटतात. समोर आई पाट्यावर खजूर वाटतेय. ती जाऊन अकरा वर्षं झाली, हे मला पक्कं माहीत आहे.

“चाखून बघ रे, गोड झालंय का.”

“उपास आहे, आई. थोरला ना मी?”

“तू कुठला थोरला?” तिचा हात थांबत नाही.

मला हसू येतं. मग दिसतं, पाट्याखाली फरशी नाही, वाळू आहे. रेवदंड्याची खाडी आमच्या स्वयंपाकघरात शिरलीय आणि आई त्या पाण्यात बसूनच वाटतेय.

“तुझ्याआधी शालोम होता. चौदा महिन्यांचा. होडी उलटली. लोकांनी मला ओढून काढलं, तुझ्या बाबांना काढलं.”

“आई! कधी बोलली का नाहीस?”

“दर पेसाहला सांगत होते की. तुम्ही सगळे टाळ्या वाजवत होतात.”

मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. सगळ्यांत जोरात टाळ्या माझ्याच असायच्या.

पाणी छातीला लागतं. ती माझं मनगट घट्ट आवळते, तिच्या हिरव्या काचेच्या बांगड्या करकरतात. “म्हण आता. माझ्यामागे कोण म्हणणार?”

मी तोंड उघडतो. ‘मागे राहिलं’ इथवर येतो आणि पाणी तोंडात शिरतं.

“बाबा, उठा. वही द्या, ते कडवं खोडून टाकते.” नुरीत पेन घेऊन उभी आहे.

मी वही छातीशी धरतो. सोडत नाही.

“अहो बाबा, हाताला काय लागलं?”

मनगटावर तीन लाल वळ उठलेत. मधल्यात हिरव्या काचेची एक कपची रुतलीय आणि तिच्या कडेनं रक्त येतंय.