'लई' म्हणाली म्हणून गळ्यात पाटी

काल चौसाळ्याला गेले आणि माझं डोकंच फिरलं. अजून शांत झालेलं नाही, म्हणून लिहितेय...

माझी भाची समीक्षा तिकडच्या एका इंग्लिश मीडियम शाळेत चौथीला आहे. चार दिवस झाले, शाळेचं नाव काढलं की रडायची, कारण काही सांगायची नाही. शेवटी भावाचा फोन आला, "ताई, तूच जा बाई. तिथं समदे इंग्रजीत बोलतेत, मला न्हाई जमत."

मी बीडला कॉलेजात इंग्रजीच शिकवते. गेले.

बघते तर काय, पोरीच्या गळ्यात सुतळीने बांधलेली पुठ्ठ्याची पाटी! वर्गात मराठी शब्द निघाला की ही पाटी गळ्यात. दुसऱ्या कुणाला मराठी बोलताना पकडून बाईंना नाव सांगायचं, मगच ती त्याच्या गळ्यात जाते... काय पण शिस्त!

आणि समीक्षाचा गुन्हा? "टुडे इज लई हॉट."

बाई म्हणाल्या, 'व्हेरी' म्हणायला नको का? अहो, जरूर शिकवा, मीही तेच शिकवते! पण ते 'व्हेरी' तरी इंग्रजांचं कुठे होतं? जुन्या फ्रेंचमधून आलेला शब्द, अर्थ 'खरा'. वापरता वापरता त्याचा 'खूप' झाला. त्यांनी परका शब्द आपला केला तर ती भाषा समृद्ध, आणि आमच्या पोरीने आईचा शब्द उच्चारला तर पाटी? हे मी जरा मोठ्यानेच बोलले. बोलले तर बोलले.

मग विचारलं, चार दिवस हीच का? बाकीची पोरं काय लंडनहून आलीत? बाई म्हणाल्या, ही कुणाचं नावच सांगत नाही.

मी समीक्षाला जवळ घेतलं. कावून नाही सांगत गं? सांगायचं की!

ती खाली बघत म्हणाली, "शेजारची आरोही बी म्हणती. पण ती लई रडती, आत्या."

मी तिच्या गळ्यातली सुतळी सोडली आणि पाटी बाईंच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती पुन्हा उचलली नाही, एवढं त्यांचं मानते.

रात्रभर चीड येत राहिली... शाळेची आली तशी स्वतःचीही. कारण खरं सांगते, चौथीत मी तिच्या जागी असते, तर पहिल्याच तासाला आरोहीचं नाव सांगून मोकळी झाले असते.