मावशींच्या मागून प्याला

मी तेव्हा चौथीत होते. आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन व्हायचं आणि सगळ्यांसाठी द्राक्षरसाचा प्याला एकच असायचा. पाळकसाहेब कडा पुसून तो पुढच्या माणसाला देत.

शेजारच्या मावशींना क्षय झाला होता. त्यांनी सगळ्यांच्या शेवटी प्यावं, असं देवळातल्या बायांनीच ठरवलं. मावशी मागच्या बाकावर बसू लागल्या. खोकला आला की पदर तोंडाला धरायच्या.

त्या रविवारी घरून निघताना आई म्हणाली, "आज मी मावशीच्या मागून घेईन."

बाबा चपला घालता घालता थांबले. "काहून वं? तुले काय लेकरं नाहीत?"

"हायेत. पण तिले असं एकटं पाडलं तं पुढच्या खेपेले येनार नाही."

"मंग तूच जाशीन तिच्यासंगं."

आई हसली. मला हसू आलं नाही.

देवळात मावशी प्यायल्या. त्यांच्यामागे आईने गुडघे टेकले आणि सावकाश घोट घेतला. मावशी तिच्याकडे बघून रडत होत्या. मी आईच्या गळ्याकडे बघत होते, घोट खाली उतरेपर्यंत.

घरी आल्यावर आईने आपली थाळी आणि गिलास आमच्या भांड्यांतून काढून वेगळ्या फळीवर ठेवले. धाकटा भाऊ तिच्या कुशीत निजायचा. दुपारी तिने त्याचं अंथरूण माझ्याजवळ घातलं. "आजपासून याले तू जवळ घेत जा," एवढंच म्हणाली आणि दाराबाहेर चटई टाकून एकटी पडली.