पाच हजार चाळीस, वर एक

कृष्णात हवालदार फौजेतून पेन्शन घेऊन रहिमतपूरजवळच्या आपल्या गावी आला, पण परेडचं मैदान काही त्याच्या डोक्यातून उठलं नाही. लग्नाच्या पंगतीतले पाटसुद्धा तो दोरी धरून मांडायचा. दिवाळीत सीमेवरच्या जवानांसाठी शाळेपुढं, एका जवानामागं एक, अशा पणत्या लावायचं ठरलं, तेव्हा मांडणी आपसूक त्याच्याकडं आली.

त्यानं आकडा निवडला पाच हजार चाळीस. एकापासून दहापर्यंत कशानंही भागा, बाकी उरत नाही. त्याच्याहून लहान कुठल्याच संख्येला इतके विभाजक नाहीत. "फळी कशीबी वळवा, एकटा कुणी उरत न्हाई," असं तो मिशीवर हात फिरवत सांगे.

बाहत्तर पणत्यांच्या सत्तर रांगा मांडून झाल्या. तेल ओतायचं तेवढं राहिलं होतं, आणि त्याची चुलत भावजय बनुबाई आली. हातात एक पणती. सीमेवरून न परतलेल्या तिच्या नवऱ्याच्या नावची.

"भावजी, ही घ्या. पुरा आकडा कवा लावत्यात व्हय? आहेरावरबी आपण एक वाढवतोच की."

"आवं वैनी, ह्यो आहेर न्हवं! एकानं सगळं इस्कटतंय. थांबा, एक काढतो आन तुमची ठेवतो."

"कुणाच्या लेकराची काढणार?"

"मग तुमची कडंला लावू."

"कडंलाच हाय की मी, एवढी वर्सं."

 कृष्णात चरफडत खाली बसला आणि काटकीनं मातीत भागाकार मांडू लागला. दोनानं भागलं, एक उरला. सातानं, नवानं, दहानं, तरी एकच. अकरानं तर तीन उरले. दिवस कलला, माती खरडून संपली, तो सदुसष्टापर्यंत गेला, तरी भाग जाईना.

"मूळ संख्या दिसतीया ही! एकाच रांगेत लावायची तर कराड गाठावं लागंल!" त्यानं काटकी भिरकावली.

"फौजेत एक गडी वाढला तर घरी धाडत व्हता का?" बनुबाई म्हणाली.

आता मात्र त्याचं डोकं फिरलं. "उचला रं पोरांनो! दर रांगंतली शेवटची पणती उचला, आन वैनींसाठी नवी रांग करा. हू दे काय व्हायचं ते!"

पोरांनी सत्तर पणत्या उचलून नवी रांग धरली. ती कोपऱ्यापाशी येऊन थांबली. बाकी रांगांत एकाहत्तर आणि हिच्यात सत्तर.

"मगा एक जास्त, आता एक कमी!" कृष्णातनं कपाळ बडवलं.

बनुबाई चालत गेली आणि आपली पणती कोपऱ्यात ठेवून उभी राहिली.

त्यानं आडव्या मोजल्या. उभ्या मोजल्या. एकाहत्तर. एकाहत्तर. पक्का चौरस. भागाकारात एकाहत्तरच्या चार आकडे आधीच काटकी फेकली, याचाच त्याला जास्त राग आला.

"बघता काय, दोरी धरा!" तो पोरांवर खेकसला. "वैनींची पणती बोटभर भाईर हाय."

आणि गुडघे टेकून त्यानं ती स्वतःच्या हातानं ओळीत घेतली.