अक्काचे सपाट पाय

"मामा, आई गेली," सांगलीहून भाचीचा फोन आला. त्याला आता दीड महिना झाला. लोक माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या नाचाविषयी बोलतात. मला मात्र तिचं दुसऱ्यांच्या पायांकडे बघणं आठवतं...

महायुद्ध चालू होतं. साताऱ्याला मी भरतीसाठी गेलो, तर डॉक्टरांनी पाय बघून मला रांगेतून बाजूला काढलं. तिथला हवालदार हळूच म्हणाला, "पाय लय सपाट हायती गड्या. चालून चालून दुखत्याल." ते खरंच होतं, थोडं चाललो तरी दुखायचे. सांगलीला परतून मी तोंड पाडून बसलो. नाटक कंपनीबरोबर उत्तरेकडून आलेले एक गुरुजी गावातच राहिले होते, त्यांच्याकडे अक्का तेव्हा कथक शिकत होती. तिनं माझी समजूत काढली नाही. माझे पाय ओले करून मला फरशीवर उभं केलं आणि शेजारी स्वतः उभी राहिली. दोघांचे ठसे सारखेच. मधली कमान कुणाच्याच पायाला नाही. "मग मी इतकी नाचते ती कशी?" तिला खरोखरच प्रश्न पडला होता.

तेव्हापासून ती शोधाला लागली. रियाज करताना मध्येच थांबून पोटरी चाचपायची, कुठला स्नायू ताठ होतो ते बघायची. बाजारात लोकांची पावलं न्याहाळत इतकी मागं राहायची की आई वैतागायची. मग माझी तालीम सुरू झाली. एका पायावर उभं राहायचं, टाचा उचलायच्या, पायाच्या बोटांनी जमिनीवरचा पंचा गोळा करायचा. वडिलांनी विचारलं, "मुलाला नाचायला लावतेस?"

"चालायला शिकवतेय, दादा."

पुढच्या भरतीला गेलो, तरी ठसा तसाच. पुन्हा नाकारलं. अक्का हिरमुसली... मग एकदम म्हणाली, "पण वसंता, स्टेशनवरून चालत आलास ना? दुखले का पाय?" दुखले नव्हते. माझ्या ते ध्यानातही आलं नव्हतं. त्या बळावर मी मेढ्याकडच्या डोंगरात टपाल वाटायची नोकरी धरली आणि निवृत्तीपर्यंत पायीच हिंडलो.

दिवसांना गेलो तेव्हा अक्काच्या चपला दाराशीच होत्या. सहज उलटून पाहिल्या. डावीचा तळ पार झिजलेला, उजवीचा जवळजवळ कोरा. उजव्या पायावर भार द्यायला ती कचरत असणार... भाचीला विचारलं.

"गुडघा दुखायचा तिचा. तुम्हाला कळवायचं नाही, असं बजावलं होतं. म्हणायची, वसंताला कळलं तर तो मला अंगणात चालायला लावून बघत बसेल."

बसलोच असतो.