उंडीचं तेल आणि मी गाळलेली राळ

आंजर्ल्याहून फोन आला तेव्हा मी कॉलेजात पोरांना स्निग्धाम्लं शिकवत होतो. "आत्या गेली रे," चुलतभाऊ म्हणाला. त्याला दीड महिना झाला. तिच्याबद्दल चार ओळी लिहायला बसलो, की आधी मला माझंच तोंड लपवावंसं वाटतं.

आत्या उंडीचं तेल काढायची. किनाऱ्यावरच्या झाडांखाली पडलेल्या बिया वेचायच्या, फोडायच्या, आतला पांढरा गर महिनाभर उन्हात टाकायचा. तपकिरी, चिकट झाला की मगच घाण्यावर न्यायचा. "ताज्यात तेल नसतं रे, ऊन खाल्लं की सुटतं," ती सांगायची. तेल हिरवट-काळं, वास असा की नाक मुरडावं. खाण्याचं नव्हेच ते. पूर्वी दिव्यात घालायचे, होड्यांना लावायचे. आत्या अख्ख्या वाडीला द्यायची, टाचांच्या भेगांना, दुखऱ्या सांध्यांना.

माझी पीएच.डी. तेव्हा नवीन, अंगात मस्ती. बाटलीभर तेल प्रयोगशाळेत नेलं. ओलेइक, लिनोलेइक, स्टिअरिक... सगळं ठीक, पण आम्लता भरमसाट आणि सोबत चिकट राळ. मी धुऊन, गाळून ते सोनेरी केलं आणि ऐन गणपतीत, घर भरलेलं असताना तिच्यापुढे ठेवलं. "याला तेल म्हणतात. तू देतेस तो गाळ. कुणाच्या अंगावर उठलं म्हणजे?" आत्याने बाटली उजेडात धरली. "छान दिसतंय हो," एवढंच म्हणाली.

पुढे वाचनात आलं, की दाह शमवणारी द्रव्यं असतात ती त्या राळेतच. पुन्हा तपासलं, तर खरंच होतं. म्हणजे औषध मी मोरीत ओतलं होतं! सांगायला हवं होतं. दर गणपतीत ठरवून जायचो. पण बोललो होतो सगळ्यांदेखत ना... जीभ रेटेना. अशी आठ वर्षं घालवली मी.

तेराव्याला शेजारच्या हमीदाबी आल्या. "मास्तर, काकींचं थोडं तेल उरलं असेल तर बघा ना. गुडघे धरलेत." मी कोठीत जाऊन फडताळं धुंडाळली. एक बाटली सापडेल तर शपथ!

"कधीपासून काढत नव्हती?" मी विचारलं.

"तुम्ही सांगितलंत तेव्हापासून. आम्ही किती मागितलं! पण म्हणायच्या, माझा भाचा शिकलेला आहे, तो मला चुकीचं सांगायचा नाही."

मग मी त्यांना सगळं सांगून टाकलं. राळेचं, आठ वर्षांचं, सगळं. "हे त्यांना सांगायचं होतंत, मास्तर," हमीदाबी म्हणाल्या आणि गुडघ्यांवर हात टेकत पायऱ्या उतरून गेल्या.