चारच्या आत दोनाचे तीन

सासऱ्यांचा एक नियम होता: मांडलेला डाव खेळायला जो सलग तीन दिवस येणार नाही, तो हरला. नियम त्यांनीच काढलेला. समोरचे गडी म्हणजे शेजारचे चाचा. जन्म बोटीवर सारंग म्हणून, म्हणजे खलाशांवरचा मुकादम म्हणून, गेलेला. त्यांना एकदा मलेरिया झाला होता. तापाने फणफणलेल्या माणसाकडून डाव जिंकायचा म्हणून मामंजींनी हा नियम केला. चाचांनी तो कबूल केला आणि बरोबर लक्षातही ठेवला.

पुढे चाचा गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मस्कतला मुलाकडे गेले आणि आमच्या ओटीवरचं चारचं बुद्धिबळ बंद पडलं. दोघांनी फोनवर चाली सांगून पाहिल्या. चार दिवसांत इकडच्या पटावर मामंजींचा घोडा जिवंत आणि तिकडच्या पटावर तोच घोडा मेलेला, अशी स्थिती आली. एकमेकांना लबाड म्हणून झालं. शेवटी चाचांचा मुलगा गणपतीत चार दिवस घरी आला होता, त्याने आमच्या कॉम्प्युटरवर बुद्धिबळाचा सर्व्हर बसवून दिला. त्यांच्याकडे कंपनीच्या क्वार्टर्समध्ये सगळ्यांना मिळून एक लाइन, तिथे बाहेरच्याला आत घेता येत नाही. म्हणून पट आमच्या घरात आणि चाचा तिकडून त्यात येणार. आमच्याकडे ब्रॉडबँड नुकतंच आलं होतं.

“वहिनी, बाहेरचा नंबर, म्हणजे इंटरनेटवरचा तुमच्या घराचा पत्ता, रोज बदलेल,” तो मला म्हणाला. “तेवढा चारला पाच कमी असताना एसेमेस करा. बाकी सगळं मी मोडेममध्ये घालून ठेवलंय, त्याला हात लावू नका.” काय घातलं ते त्याने एका कागदावर लिहून दिलं, मोडेमच्या पासवर्डसकट. कागद मी डब्यात ठेवला. हात लावू नका म्हणणाऱ्या माणसाचा कागद नेहमी जपून ठेवावा.

दीड-दोन महिने छान चाललं. मग दिवाळीच्या सुट्टीत एका सोमवारी चाचा आत येईनात. मंगळवारीही नाही. मंगळवारी संध्याकाळी त्यांचा फोन आला. मी उचलला.

“काय गो सूनबाई, म्हातारा लपून बसला काय? त्याला सांग, दोन दिवस झाले. उद्या तिसरा.”

“चाचा, अहो लाइनचा घोटाळा आहे.”

“मला मलेरिया होता तेव्हा तो काय म्हणालेला, विचार त्याला. कारण चालणार नाही म्हणालेला.”

मामंजी रात्री जेवले नाहीत. सासूबाई म्हणाल्या, “तापात मेलेला बरा होता तुमचा मित्र, असं तेव्हा वाटलं असेल. आता भोगा.”

बुधवारी सकाळी मी चकल्यांचं पीठ भिजवून ठेवलं आणि कामाला लागले. आधी वाटलं, एसेमेसमध्ये आकडा चुकतोय. ताडून पाहिला, बरोबर होता. मग अँटीव्हायरस बंद केला. मग टेलिफोनचा माणूस बोलावला. त्याने फोन कानाला लावला, आवाज ऐकला, कोकम सरबत प्यायला आणि लाइन उत्तम आहे असं सांगून गेला. लाइन उत्तमच होती. आम्हाला बाहेरचं सगळं दिसत होतं, बाहेरच्यांना आम्ही दिसत नव्हतो.

दुपारी मी डब्यातला कागद काढला. मोडेम म्हणजे ओटीवर बसलेल्या सासूबाई, हे मला तेव्हा नीट कळलं. घरातलं माणूस खुशाल बाहेर जातं, पण बाहेरून कोणी आलं आणि कोणाकडे आलात हे आधी सांगून ठेवलेलं नसेल, तर त्याला पायरीवरूनच परत. कागदावर लिहिलं होतं: बुद्धिबळवाला आला तर त्याला घरातल्या दोन नंबरकडे पाठवा. मी आमच्या कॉम्प्युटरचा घरातला नंबर काढून पाहिला. तो तीन होता.

मग दोन कोण?

दोन म्हणजे आमच्या ह्यांचा लॅपटॉप. ऑफिसने गेल्याच आठवड्यात दिला होता. रविवारी परतीच्या पावसाच्या विजा झाल्या, तेव्हा सासूबाईंनी रीतीप्रमाणे टीव्ही, फ्रिज, फोन, मोडेम, सगळ्याच्या वायरी उपटल्या होत्या. वायरी परत लावल्यावर ह्यांनी लॅपटॉप आधी सुरू केला आणि जो आधी उठला त्याला मोडेमने दोन नंबर दिला; एक नंबर मोडेमचा स्वतःचा. दोन दिवस चाचा बिचारे लॅपटॉपचं दार ठोठावत होते. सुट्टी असल्याने तो टेबलावर नुसता चालू पडून होता.

“वायरी कशाला काढता हो दरवेळी?” मी विचारलं.

“अगो, टीव्ही जळला असता म्हणजे?” सासूबाई म्हणाल्या. समोरच्या घरी दोन जळले होते.

पावणेचार झाले होते. मोडेमच्या पानावर जाऊन मी दोनाचे तीन केले. त्याने सांगितलं, आता मी बंद होऊन पुन्हा सुरू होणार. झाला बंद. मामंजी मागे उभे, हातात घड्याळ. “आलं का? आलं का?”

“मामंजी, मागे सरका, उजेड अडतोय.”

मोडेमचे दिवे लागले. बाहेरचा नंबर मी आधीच पाठवून बसले होते, आणि बंद-सुरूमध्ये तो बदलला होता. घाईने पुन्हा एसेमेस केला. चारला दोन मिनिटं असताना पडद्यावर चाचांचं नाव उगवलं. खाली लिहून आलं: आलास काय रे पळपुट्या.

मामंजी खुर्चीत बसले, चष्मा पुसला आणि पट पाहू लागले. दोघं आत आल्याशिवाय पट उघडत नसे, त्यामुळे तीन दिवसांनी प्रथमच पाहत होते. पाच मिनिटं गेली. दहा गेली. चाचांनी मामंजींच्या वजिराला आणि हत्तीला एकाच उंटाने धरलं होतं. मामंजींच्या मानेवर घाम दिसायला लागला.

“सूनबाई,” ते हळूच म्हणाले, “हे आज सुरू झालं नसतं तरी चाललं असतं.”

“का हो?”

“लाइनमुळे हरलो, असं तरी म्हणता आलं असतं.”

“खेळा,” मी म्हटलं आणि चकल्या पाडायला गेले. पाच वाजायच्या आत मामंजी हरले. चाचांनी फोन करून सासूबाईंनाही कळवलं.