हळकुंडाचे मणी

दाजींचा फोन आला तेव्हा मी एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला हुक लावत होते. "पूनम जेवून न्हाई राहिली. तू ये," एवढंच ते म्हणाले. "अक्का कुठाय?" मी विचारलं. ते म्हणाले, "तिला सकाळी बाळापूरच्या फाट्यावर ट्रकनं उडवलं." आधी पोरीचं जेवण, मग बायकोचं मरण... वसमतहून जाताना सगळ्या वाटेनं मी दाजींना मनातल्या मनात शिव्या घातल्या. आता महिना उलटून गेलाय. त्या घरातली खरी अडचण त्यांनी आधी सांगितली, हे आता कळतंय.

सुमनअक्का माझी थोरली बहीण. गेलेल्या माणसाचं चांगलं तेवढं सांगावं म्हणतात, पण आम्ही दोघी जिवंतपणी कधी गोड बोललो नाही, तर आता गोडवा कुठून आणू? हट्टी होती, तोंडाळ होती, ब्रह्मदेवाच्या बापाचंही ऐकायची नाही. आमच्याकडं मुलगी बघायला पाहुणे आले की तिला चालवून बघायचे, सुईत दोरा ओवायला लावायचे. साखरा गावचे पाहुणे आले तेव्हा अक्काचा हात असा थरथरला की दोरा काही ओवता आला नाही. पाहुणे पोहे खाऊन उठले ते उठलेच. आईनं तिच्या पाठीत धपाटे घातले आणि पुढचं स्थळ येईपर्यंत रोज तिन्हीसांजेला सुई-दोरा घेऊन बसवलं. पुढच्या खेपेला अक्कानं बघता बघता दोरा ओवला आणि दाजींच्या घरी नांदायला गेली. बघायला आलेल्यांसमोर चुकायचं नाही, हा एकच धडा ती आयुष्यात शिकली आणि तो तिनं शेवटपर्यंत सोडला नाही.

तिची पूनम स्वमग्न. आधी ते पोरीच्या न बोलण्यावरून कळलं. हातापायांचं नंतर लक्षात आलं. उचललेला घास तोंडापर्यंत पोचायच्या आत सांडायचा, बटण म्हणजे काय करायचं ते हातांना कळायचं नाही, उंबऱ्याला पाय अडखळायचा. वसमतच्या एका दवाखान्यात अशा लेकरांना तपासायला महिन्यातून एकदा एक मॅडम यायच्या. पहिल्या वेळी आम्ही तिघी गेलो. मॅडमनी लाकडी मणी ओवायला दिले, एका पायावर उभं राहायला सांगितलं, छोटी पिशवी झेलायला लावली. पूनमला त्यातलं काहीच जमेना. मॅडम शांतपणे म्हणाल्या की ही आळशी नाही, हट्टीही नाही. मनात असलं तरी हातापायांची जुळवाजुळव तिला होत नाही. नेमकं कुठं अडतं ते कळलं की तिथून शिकवायला सुरुवात करता येईल. "घरून काही शिकवून आणू नका हं, तिला काय जमत नाही तेच मला बघायचंय," असंही त्यांनी बजावलं. अक्कानं मान डोलावली. तिला मात्र साखऱ्याचे पाहुणेच उठून जाताना दिसत होते.

गावी गेल्यावर तिनं शिजवलेली ओली हळकुंडं घेतली, तुकडे केले, दाभणानं भोकं पाडली आणि वाळवून मणी केले. पुढं कित्येक महिने पूनमला तेच काम. माळ ओवायची, मग एका पायावर उभं राहायचं. बरोबर झालं की अक्का तिच्या तोंडात गुळाचा खडा घालायची. चुकलं तर पोटरीवर तुराटीचा फटका. ते वळ मी पाहिलेत.

पुढच्या तपासणीला ती मला न सांगताच जाऊन आली आणि संध्याकाळी माझ्याकडं येऊन हसत हसत सगळं सांगत बसली. पूनमनं माळ झरझर ओवली म्हणे. बोटं पिवळी कशानं झाली, असं मॅडमनी विचारलं, तर ही म्हणाली, हळदीच्या ढिगात खेळती. हातानं जेवते का, बटणं लावते का, या सगळ्यालाही "व्हय, समदं करती." मॅडमनी मग हातांच्या सरावाची गरज नाही म्हणून बोलण्याकडं लक्ष द्यायला सांगितलं.

"पास झाली माही पोरगी," अक्का म्हणाली.

"पास करून काय मिळवलंस? घास तर तूच भरवून राहिलीस न्हवं का?"

"तुला लेकरू न्हाई, तुला काय कळतंय? उद्या मी मेले तर येडी म्हनून कोपऱ्यात बांधून ठेवतेल हिला. आता कोन येडी म्हनंल?"

ते 'लेकरू न्हाई' मला अजून बोचतं. मेली म्हणून मी ते माफ केलेलं नाही. मॅडमना खरं काय ते सांगते असं मी म्हणाले, तर तिनं पूनमला वसमतला आणणंच बंद केलं.

दहाव्याला मी परत गेले तेव्हा पूनमचं ताट तिच्यासमोर तसंच होतं. आजी, म्हणजे अक्काची सासू, शेजारणींना सांगत होती, "ढोंग करती बाई. मनी ववता येतेत, एका पायावर हुबी ऱ्हाता येतं, अन् घास उचलायला हात मोडलेत व्हय? ऱ्हाऊ द्या उपाशी, आपसूक खाईल." आणि तिनं ताट उचलून भाकर कुत्र्याला टाकली. येडी कुणीच म्हणालं नाही. अक्काला हवं होतं तसंच झालं. बायका ओळीनं बसल्या होत्या, पूनमनं त्यांच्याकडं पाहिलं, एक पाय उचलला आणि तोंड उघडून उभी राहिली. मी तिला तशीच कडेवर घेऊन एसटीत बसले.

आता ती माझ्याकडं आहे. मॅडमनी नव्यानं तपासलंय, बटणापासून आणि घासापासून. भरवायचं नाही, तिचा हात धरून तोंडाशी न्यायचा, असं त्यांनी सांगितलंय. हळकुंडाचे मणी मी लपवले होते, तर तिनं डोकं आपटून घेतलं, म्हणून परत दिले. दिवेलागणीला ती माळ पुरी करते, एका पायावर उभी राहते आणि तोंड उघडते. मी गुळाचा खडा तिच्या हातात ठेवते. तिला अजून तो तोंडापर्यंत नेता येत नाही... माझा हात ती झिडकारते. गूळ मुठीत चिकट होतो, आणि ती तोंड उघडं ठेवून दाराकडं बघत राहते.